मागे बांधलेली फीत

हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. काल जेवणं झाल्यावर मोठ्या मामांनी गच्चीवर आम्हा भावंडांना सांगितलं आणि वर दम भरला, "ताईच्या कानावर गेलं तर बघतो एकेकाकडे." ती गोष्ट एका हवेलीतली, आणि ताईचं लग्न उद्या त्याच हवेलीत आहे.

हवेली खूप जुनी. जशीच्या तशी जपलीय आणि आता लग्नांना देतात. भिंतीला खिळा मारायला बंदी, म्हणून सगळी सजावट फितींनी बांधायची. मामांचे मित्र लंबूकाका तेच काम करायचे. इतके उंच, की पडदे लावायला स्टूल लागायचं नाही.

"गेल्या नोव्हेंबरचा दुसरा शनिवार," मामा म्हणाले. "रात्रीचे पावणेबारा. लग्न आटोपलेलं. पोरं खाली टेम्पो भरत होती. लंबू एकटाच वरच्या दिवाणखान्यात खुर्च्यांची कव्हरं काढायला निघाला. रखवालदार म्हणाला, 'काढा सावकाश. फक्त बसू नका.' लंबू म्हणाला, 'का हो, माझ्या वजनाने मोडतील?' रखवालदार हसला नाही."

"मामा, फेकताय तुम्ही," धाकटा म्हणाला.

"मग जा खाली झोपायला."

तो जागचा हलला नाही.

"प्रत्येक खुर्चीमागे गुलाबी फितीची गाठ. लंबू गाठ सोडायचा, कव्हर ओढायचा, पुढे सरकायचा. शेवटच्या रांगेपाशी आला आणि सहज मागे वळून पाहिलं. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर कव्हर तसंच होतं. राहिलं असेल. परत जाऊन काढलं. वळला. पुन्हा पाहिलं. तीच खुर्ची. कव्हर घातलेलं... गाठ मारलेली.

'कोण आहे रे? चावटपणा पुरे!'

कुणीच नाही.

लंबू न बघता मागे सरकला, पाय अडकला. आणि तो... बसला. जवळच्या खुर्चीत. क्षणभरच.

मागे कापडाची सळसळ. कमरेभोवती काहीतरी आलं. अगदी हळुवार. आई मुलीच्या झग्याची फीत बांधते ना... तसं.

तो उठला.

खुर्चीही उठली."

मामा थांबले. धाकटा माझ्या अंगाला चिकटला.

"जीव खाऊन हिसडा दिला. टर्रकन फाटल्याचा आवाज. तो पळाला तो थेट घरी. वहिनींनी दार उघडलं, त्याला पाठमोरं केलं. म्हणाल्या, 'अहो, ही गाठ कुणी मारली?' सुटेना. कात्रीने कापावी लागली. लंबूच्या सगळ्या फिती गुलाबी. ही पिवळी पडलेली... फार जुनी."

मोठ्यांसमोर मला बोलायला जमत नाही. तरी मी विचारलं, "परवा ताईला तर तिथे बसावंच लागेल ना?"

मामांनी गच्चीच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तू तिच्या मागे उभी राहा."

आज दुपारी सजावट बघायला आम्ही हवेलीत गेलो होतो. सगळे खाली असताना मी वर गेले आणि ताईसाठी मांडलेल्या खुर्चीत आधी स्वतः बसून पाहिलं. काहीच झालं नाही. मला हायसं वाटलं. ताईला काही होणार नाही.

आता उद्याचा झगा अंगावर चढवून, घरी टेबलाशी बसून हे लिहितेय. फीत मागे मोकळी सोडलीय, माझा हात पोचत नाही. आई स्वयंपाकघरातून हाका मारतेय, "अगं, ये ना लवकर, फीत बांधून देते!"

आले म्हणून उठतेय, पण खुर्ची