बॅटरीची अंगतपंगत

"मानवजातीने पेट्रोलला कायमचा रामराम ठोकला आहे," असं डॉ. मधुसूदन रेडीज यांनी धक्क्यावर जाहीर केलं आणि त्यांच्या मागची विजेवरची फेरीबोट शांतपणे बंद पडली.

साल होतं २०४३. त्यांच्या नातीचा, उर्वीचा चेहरा उतरला. उद्या खाडीपलीकडे तिच्या संघाचा खो-खोचा अंतिम सामना होता. उशिरा येणारा संघ बाद, आणि पलीकडे जायला हीच एक बोट.

धक्क्यावरचा दुरुस्तीचा यंत्रमानव बाबल्या आत डोकावून आला. बॅटरी गेली होती. नवी कधी येणार?

"तिचे भाग सध्या तीन समुद्रांत आहेत," बाबल्या म्हणाला. "एकमेकांना भेटले की कळवतील."

एवढ्याशा खोक्याला तीन समुद्र कशाला, हे उर्वीला कळेना. आजोबांची कळी खुलली. जन्मभर त्यांनी बॅटऱ्यांवरच संशोधन केलं होतं.

"परवा तुमच्या अंगतपंगतीत काय झालं गं?"

फजिती झाली होती. बाकीच्यांनी भाज्या आणल्या, पोळ्या एकट्या सायलीकडे सोपवल्या, आणि सायली तापाने घरी. अख्ख्या वर्गाने भरली वांगी नुसतीच खाल्ली.

बॅटरीचंही तसंच, असं आजोबांनी समजावलं. लिथियम (वीज साठवायला मदत करणारा हलका धातू) ऑस्ट्रेलियातून नाहीतर चिलीतून निघतं. कोबाल्ट (बॅटरी टिकाऊ करणारा धातू) बरंचसं काँगोतून. ग्रॅफाइट (पेन्सिलीतला काळा पदार्थ) शुद्ध होतं मुख्यतः चीनमध्ये. कुठली कुठली माणसं एकमेकांना न बघता एक वस्तू घडवतात, याचं आजोबांना अजून अप्रूप होतं. हीच पुरवठा साखळी (खाणीपासून घरापर्यंतचा हातोहात प्रवास). पण एखादं काम एकाच ठिकाणी होत असेल आणि तिथलं बंदर बंद पडलं, तर सायलीला ताप आणि उपाशी सगळं जग.

"मग पोळ्या दोघीतिघींनी आणायच्या," उर्वी म्हणाली. "आणि घरात शिळ्या आहेत का ते बघायचं."

शिळ्या तर घरोघरी होत्या! जुन्या स्कूटरच्या बॅटऱ्या, एकेकट्या थकलेल्या, पण पुष्कळ मिळून बोट हलवतील अशा. संध्याकाळपर्यंत धक्क्यावर ढीग लागला. बाबल्याने एकेक तपासली, फुगलेल्या बाजूला काढल्या, उरलेल्या जोडल्या.

सकाळी बोट हलली. म्हशीच्या चालीने, पण हलली. आजोबा धक्क्यावरून गरजले, "उद्या या जुन्या बॅटऱ्यांतलाच धातू काढून आपण नव्या घडवू. आपली खाण आपल्याच माळ्यावर आहे!" खो-खोच्या संघाने टाळ्यांचा कडकडाट केला.

आजोबांनी हात कानाशी नेला.

"उर्वी, टाळ्या वाजल्यासारख्या दिसल्या. कानातल्या यंत्राचा सेल संपलाय. येताना पलीकडून एक घेऊन ये."