खोली सोडल्याचा कागद

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे पोरांनो. धनेश माझ्या साडूचा मुलगा. त्याला खोटं बोलायला जमत नाही, जमलं असतं तर बायकोच्या इतक्या शिव्या खाल्ल्या नसत्या.

बायको, दिपाली, बाळंतपणाला माहेरी होती. दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन संक्रांतीला यायची होती, आणि याच्याकडे घर नाही. नारपोलीत कापडाच्या लूमच्या कारखान्यावर एक खोली रिकामी असल्याचं कळलं, म्हणून तो भाड्याची घरं मिळवून देणाऱ्या करिष्माच्या एजन्सीत गेला. तिचं काम चोख. करारनामा, पोलिसांत नोंद, आणि आधीच्या भाडेकरूनं खोली सोडल्याच्या कागदावर अंगठा दिल्याशिवाय नव्याला चावी नाही.

"तिथं बायजाबाई राहायची, एकटीच. तिचा अंगठा न्हाय आला अजून," करिष्मा म्हणाली. "थांबा जरा, भाऊ."

"मालक बोलला ना, म्हातारी गावाला गेली!"

"गेली असंल. पण कागद कोरा हाय."

थांबतोय कसला! यानं मालकाच्या माणसाकडून परस्पर चावी आणली.

दोन हजार तेवीसची तेरा जानेवारी, भोगीची आदली रात्र. शुक्रवार, लूमच्या सुट्टीचा वार, म्हणून खालचा कारखाना बंद. पावणेबाराला धनेश खोली घासायला बसला. शी! काय घर गळ्यात मारलं होतं त्या मेल्यांनी! भिंतींवर बोटभर तेलकट थर, त्यात सुताचा भुगा चिकटलेला. ओट्याखाली कसलंतरी वाळलेलं. मोरी तुंबून असा उग्र वास सुटलेला की त्यानं नाकाला रुमाल बांधला. इथं लेकीला आंघोळ घालायची?

त्यानं जाळी काढून आत हात घातला. केस लागले. पांढरे, लांब, बुळबुळीत. ओढले. आणखी आले. वीतभर... हातभर... अर्धी बादली भरली.

गुंता कोमट होता.

त्यानं हात काढून घेतला.

केस येतच राहिले. आपले आपण... हळूहळू...

तो अनवाणी पळाला. माझ्या दारात आला तेव्हा दीड वाजला होता. सकाळपर्यंत माझ्या मोरीवर साबणानं हात धूत बसला. वास काही जाईना. मला शेजारी बसवेना, खरं सांगतो.

दिपालीला आठवडाभर माहेरीच थांबवलं. धनेशनं करिष्मासमोर कान धरले. तिनं अंजूरला घर दिलं, लखलखीत, सगळं रीतसर. एकवीस तारखेला चावी घेतली, संध्याकाळी लेक पाळण्यात.

दुसऱ्या दिवशी तो करारनाम्याची प्रत आणायला गेला, मीही सोबत होतो. करिष्मानं कुलूप काढून कपाट उघडलं. वरच बायजाबाईचा कागद.

कोरा नव्हता.

तेलकट, ओला अंगठा. त्याला चिकटलेला एक पांढरा केस. खोली सोडल्याची तारीख, एकवीस जानेवारी.

मग दिपालीचा फोन आला. नव्या घराची मोरी तुंबली होती.