मापाच्या काठ्या

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी टिडवेल फाट्यावरचं दुकान बंद असे. फक्त मयताचं गिऱ्हाईक आलं तर दार उघडावं लागे, कारण मरणाऱ्याला सणवार कळत नाही आणि त्या मुलखात शवपेट्या एसा टिडवेलच्या दुकानाशिवाय कुठे मिळत नसत. खाली कापड, खिळे, कॉफी, तपकीर, नांगराचे फाळ, आणि माडीवर पेट्या. खेचराच्या गाडीतून पत्र्याची भांडी विकत आलेल्या एसानं अलाबामाच्या त्या तांबड्या मातीत हे दुकान उभं केलं, त्यामागे घर बांधलं, आणि बायकोच्या पश्चात चार मुलं वाढवली. त्यातली दोन उरली होती. थोरली ऑर्लीना आणि धाकटी आयव्हली.

त्या दुपारी ऑर्लीना मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. चुलीवर चवळी आणि खारवलेलं डुकराचं मांस रटरटत होतं. वर्षाचा पहिला घास चवळीचा घेतला नाही तर वर्ष उपाशी जातं, अशी तिकडची समजूत. दुकानाचं दार वाजलं तशी ती हात न धुताच पुढे गेली.

दारात ओढ्यापलीकडचा हायरम पेटस उभा होता. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात वेळूची ओली काठी.

"सासूबाई गेल्या, मिस ऑर्लीना. पहाटे."

"ये हायरम, आत ये," शेगडीजवळ पाय पसरून बसलेला एसा म्हणाला. "वाईट झालं. बाई कष्टाळू होती. ऑर्ली, काठी घे आणि वर बघून ये."

तिकडे मेलेल्या माणसाला फुटपट्टी लावत नाहीत. ओढ्याकाठचा वेळू तोडायचा, देहाशेजारी ठेवायचा, टाचेपाशी छाटायचा आणि डोक्यापाशी चाकूनं खाच पाडायची. ती काठी दुकानात आणायची. दुकानदारानं ती पेट्यांना लावून बघायची, आणि पेटी निघाली की काठी पेटीबरोबर खड्ड्यात जायची.

ऑर्लीना काठी घेऊन माडीवर गेली. वर देवदाराचा आणि कापराचा वास कोंडलेला होता, आणि पत्र्यावर झाडाची फांदी सारखी घासत होती. दोनच मोठ्या पेट्या शिल्लक होत्या. आखूड होती ती हायरमच्या सासूला बरोबर बसली. दुसरी चांगलीच लांब होती, एसासारख्या ताडमाड माणसाला होईल अशी. किंवा ऑर्लीनाला, कारण उंचीनं ती थेट बापावर गेली होती, आणि लग्न जमेना तेव्हा फाट्यावरच्या बायका त्याचा दोष तिच्या उंचीलाच देत.

ती खाली आली आणि सवयीनं काठी गल्ल्यामागच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली. तिथे वरच्या फळीवरचे डबे ओढायची आकड्याची काठी असे.

हायरमनं टोपी घातली नाही. "काठी द्या, मिस ऑर्लीना."

"पेटीबरोबर देतेच की."

"नको. आत्ता हातात द्या."

एसा हसला. "काय रे हायरम, सोन्याची आहे का?"

हायरम हसला नाही. ऑर्लीनानं काठी दिली. गाडीत पेटी चढवताना तिनं हळूच विचारलं, "काठीसाठी एवढा हट्ट का धरलात?"

त्यानं खेचराच्या मानेवर हात ठेवला.

"साथीच्या वर्षी एका दिवसात तीन पेट्या गेल्या या दुकानातून. गिरणीवाल्याची आई, गँडींचा पोरगा आणि डेल्फी क्रो. घरोघर माणसं तापानं पडलेली. तुमच्या पपांनी स्वतः गाडी जुंपून पेट्या पोचवल्या. उपकारच केले, नाही म्हणत नाही. पण काठ्या आल्याच नाहीत. मागून विचारलं तर म्हणाले, जाळल्या."

"मग?"

"मातीत न गेलेली काठी आपल्या मापाचं माणूस मागते म्हणतात. गँडींच्या पोराची पेटी मी खांद्यावर घेतली होती. पुढे तुमचा हॉलिस गेला, त्याचीही घेतली. दोन्हींची लांबी एकच... खांद्याला कळतं. म्हटलं, असतं एखाद्या वेळी. मग तुमची नेटी गेली. गिरणीवाल्याची आई एवढीशीच होती हो. नेटीएवढी."

ऑर्लीनानं पेटीवरचा हात काढून घेतला. "आणि डेल्फी?"

हायरम ओसरीकडे बघत होता. आयव्हली कठड्यावर बसून पाय हलवत गुणगुणत होती. गेल्या हिवाळ्यात शिवलेल्या झग्याच्या बाह्या तिच्या मनगटांच्या खूप वर आल्या होत्या.

"डेल्फी उंचही नव्हती आणि बुटकीही नव्हती," एवढंच बोलून त्यानं लगाम ओढला.

ऑर्लीना तडक परसात गेली. वाळलेल्या घेवड्याच्या वेलांत एसानं लावलेल्या आधाराच्या काठ्या उभ्या होत्या, बहुतेक हिकरीच्या लाकडाच्या. एकच वेळूची होती, ऊनपावसानं करडी पडलेली. तिनं ती उपटली. टोकाला खाच होती. मग ती मुलांच्या जुन्या खोलीत गेली. खिडकीचा पडदा वेळूच्या काठीवर ओवलेला होता, हॉलिसच्या पलंगाच्या अगदी वर. पडदा सरकवला तशी तिथेही खाच दिसली.

तिसरी तिला शोधावी लागली नाही. आकड्याची काठी रोज हातात घेताना तिचा अंगठा वर्षानुवर्षं त्याच खाचेत बसत आला होता. डबे ओढायचं ते काम आता आयव्हलीकडे होतं. दिवसातून कितीदा तरी ती काठी पोरीच्या हातात असे.

कोठीच्या दाराच्या चौकटीवर चारही मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या. दर नव्या वर्षाला चवळी खाऊन झाली की एसा एकेकाला चौकटीला पाठ लावून उभं करी आणि खिळ्यानं रेघ ओढी. व्यवहारात कुणापुढेही नरम न पडणारा तो माणूस त्या एका कामात अगदी हळवा होई. ऑर्लीनानं पडद्याची काठी चौकटीला लावली. खाच हॉलिसच्या शेवटच्या रेघेवर आली. घेवड्याची काठी नेटीच्या शेवटच्या रेघेवर. दोघांच्याही त्या रेघेनंतर वसंत आला नव्हता.

मग तिनं आकड्याची काठी लावली आणि खाचेपाशी पिठाच्या अंगठ्यानं खूण केली. आयव्हलीची गेल्या वर्षीची रेघ तिच्या खाली होती. अंतर फार नव्हतं, आणि पोरगी वर्षभर तणासारखी वाढली होती.

शेगडीकडून एसाचा आवाज आला. "ऑर्ली, चवळी झाली का? आयव्हीचं माप घेऊन टाकू. खिळा मिळाला मला."

ती तिन्ही काठ्या घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "पपा, तुम्ही या जाळल्या म्हणाला होतात."

एसानं काठ्यांकडे पाहिलं. "सणासुदीला परसातल्या काठ्या कशाला उपटल्यास?"

"जाळल्या म्हणाला होतात."

"चांगला सरळ वेळू कुणी जाळतं का? मातीत घालून तरी काय मिळणार होतं त्यांना? लोक काहीही मागतात."

"हॉलिसची रेघ बघा. नेटीची बघा."

"हॉलिसच्या छातीत कफ झाला होता," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. बोटांतला खिळा त्यानं उगाच फिरवला. "माझ्या मेलेल्या पोरांवरून मला काही सांगायचं नाही. त्या हायरमनं डोकं फिरवलंय तुझं."

"मी जाऊन येते. तोवर माप घ्यायचं नाही. मला वचन द्या पपा."

"जा. मान मोडेस्तोवर धाव. चवळी गार होईल."

त्यानं वचन दिलं नाही, हे तिला वाटेत लक्षात आलं. पण तोवर ती फावडं आणि काठ्या खांद्यावर घेऊन निम्म्या वाटेवर आली होती, आणि परत फिरायला उजेड कमी होता.

चर्चमागची दफनभूमी झाडून लख्ख केलेली असे. तिकडे कबरीवर गवत उगवू देत नाहीत. माती उघडी ठेवून वर ओढ्यातले शिंपले मांडतात. गिरणीवाल्याच्या आईच्या कबरीशी तिनं माती उकरली आणि काठी आडवी पुरली. गँडींच्या पोराच्या कबरीशीही तसंच केलं. माती दगडासारखी होती. तिच्या हाताला फोड आले, पण मनावरचं ओझं काठीगणिक हलकं झालं.

डेल्फी क्रोची कबर कुंपणाच्या अगदी कडेला होती. डेल्फीच्या मागे कुणीच उरलं नव्हतं. तरी तिथे खराट्याचे ताजे फराटे होते. शिंपले बाजूला सारून नीट रचलेले होते, आणि मधली माती मोकळी होती. ओल्या विहिरीसारखा गार वास येत होता.

फावडं मारायच्या आधी तिनं काठीचं टोक मातीवर टेकलं, नुसतं अंदाज घ्यायला. काठी खाली गेली. पाण्यात जावी तशी, आवाज न करता. ऑर्लीनानं दचकून पकड घट्ट केली तर खालून ओढ लागली... घाईची नव्हे, आपली वस्तू परत घेताना माणूस लावतो तशी. वरचा लोखंडी आकडा काढायचा राहूनच गेला होता. तो तिच्या तळव्याला ओरखडून मातीत दिसेनासा झाला. माती वरून मिटली.

ती गुडघ्यांवर बसली. रडू आवरत नव्हतं. "डेल्फीबाई, तुमचं तुम्हाला पोचलं," ती पुटपुटली. "आमची पोरगी आम्हाला राहू द्या."

ती घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता आणि दुकानात दिवा लागला होता. आतून आयव्हलीचं हसू ऐकू आलं तेव्हा कुठे तिनं धड श्वास घेतला.

"ऑर्ली, पपांनी माप घेतलं. थांबलेच नाहीत. किती वाढले बघ मी."

ऑर्लीना दिवा घेऊन चौकटीशी गेली. नवी रेघ पिठाच्या खुणेच्या वर होती. थोडीच, पण वर होती. पोरगी डेल्फीचं माप ओलांडून गेली होती आणि समोर धडधाकट उभी राहून पाव चघळत होती. ऑर्लीनानं तिला इतकं घट्ट कवटाळलं की आयव्हलीच्या हातातला पाव खाली पडला.

"सोड ना. काय झालंय तुला?"

"काही नाही गं. काही नाही झालं."

"हाताला काय लागलं?" एसानं विचारलं. आवाजात मघाचा राग नव्हता. मुलगी परत आली म्हणून त्यालाही बरं वाटलं असावं. "बस, जेवून घे. तुझ्यासाठी झाकून ठेवलंय. आणि उद्या सकाळी ती वरची लांब पेटी पुसून ठेव. गिऱ्हाईक आलं होतं."

"कोण?"

"ओळखीची वाटली, पण नाव आठवेना. तू येण्याच्या जरा आधीच गेली. चिखलानं माखलेली होती बिचारी, शेगडीशी बस म्हटलं तर नको म्हणाली. काठी ठेवून गेली."

गल्ल्यामागच्या कोपऱ्यात, रोजच्या जागी, वेळूची काठी टेकलेली होती. हिरवीगार, नुकती तोडलेली, एका पेरावर पान तसंच. वरच्या टोकाला खाच होती.

"कुणासाठी म्हणाली?" ऑर्लीनाला स्वतःचा आवाज लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

"विचारलं की. म्हणाली, लवकरच लागेल. माप तुमच्याकडे आहेच." एसानं गल्ल्याकडे हनुवटी केली. "माणूस मात्र सचोटीचं. तो आकडाही देऊन गेली. म्हणाली, काठी तिची होती, आकडा तुमचा. तू वाटेत पाडलास का गं?"

आकडा गल्ल्यावर होता. त्याच्या वळणात तांबडी ओली माती होती, आणि टोकाला जे लागलं होतं ते ऑर्लीनाच्या तळव्याचं होतं.

आयव्हलीनं तेवढ्यात ती काठी उचलली आणि गंमत म्हणून बहिणीच्या पाठीशी उभी धरली. "ऑर्ली, हलू नकोस. अगं, बरोबर तुझ्याएवढी आहे." मग तिनं मान तिरपी करून शेगडीशी उभ्या राहिलेल्या बापाकडे पाहिलं. "नाही तर पपांएवढी. तुम्ही दोघं सारखेच ना."

"पपा," ऑर्लीना म्हणाली, "ती काठी आत्ताच्या आत्ता परत द्यायची. दिवा घ्या, मी येते बरोबर... पपा."

"उद्या बघू. अंधार पडलाय." एसानं धाकटीच्या हातातून काठी घेतली, वाकवून पाहिली, डोळ्यापुढे धरून सरळ आहे का बघितली. "चांगला वेळू आहे गं. असा आता ओढ्याला मिळत नाही."

मग त्यानं खिशातून चौकटीवर रेघ ओढायचा तो खिळा काढला आणि आकडा खाचेच्या जरा खाली धरून ठोकायला सुरुवात केली.