गाठोड्यातली टिकटिक

बीडच्या खाजगी गुप्तहेर मोहिनी सानप यांची जीप लिंबागणेशजवळच्या शेतात शिरली, तेव्हा शेतमालक बबनरावांच्या माणसांनी मेंढपाळ सटवाला लिंबाच्या झाडाला बांधून ठेवलं होतं.

मदतनीस मुंजाजींना हायसं वाटलं. पोलिसातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना आयता चोर फार आवडे.

"सोमवारी आईचं घड्याळ गेलं. आज गुरुवारी याच्या लोकरीच्या गाठोड्यात सापडलं," बबनराव येरझाऱ्या घालत म्हणाले. "उद्या आमदारसाहेबांच्या सत्कारात तेच भेट द्यायचंय. याच्याकडून कबुली घ्या, की पोलिसात देतो."

घड्याळ खिशात ठेवायचं, जुनं, चांदीचं. मीनाकामाच्या तबकडीवर निळी फुलं. मोहिनीनं कडेची कळ सरकवली. आतून नाजूक अकरा ठोके पडले.

"आईला दिसत नाही. अशी वेळ ऐकते," बबनराव म्हणाले. "रोज किल्ली लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी बंद."

मोहिनीनं ते मुंजाजींच्या कानाला लावलं. "काय ऐकू येतंय?"

"टिकटिक. झकास चालतंय!"

"बाई, मी हात न्हाई लावला," सटवा कळवळला. "तुमच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवाया आलो, चोरी कशाला करू?"

त्याची बायको मनकर्णा सारखा पदर पिळत होती. "मला काय बी ठावं न्हाई. सकाळी आजीला शेळीचं दूध देऊन येते, मंग दिसभर मेंढरामागं."

घरात बबनरावांच्या आई साखराबाई बाजेवर बसल्या होत्या. शेजारी दुधाचा पेला भरलेलाच.

"घेतलं नाहीत?" मोहिनीनं विचारलं.

"शेळीचं हाय. वास सोसत न्हाई मला."

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चिमुकली किल्ली होती.

"दुसरी आहे?"

"एकच. अंघोळीला बी काढत न्हाई."

बाहेर फटका बसला आणि सटवा ओरडला. म्हातारीनं बाजेची कड घट्ट धरली.

"ताई, चोर तिकडं बांधलाय," मुंजाजी कुजबुजले.

"त्याला सोडून आणा. सगळ्यांनाच बोलवा."

सगळे जमले. "चार दिवस गाठोड्यात पडलेलं घड्याळ चालू कसं?" मोहिनीनं विचारलं.

"कुणीतरी रोज किल्ली देत होतं. किल्ली आजींच्या गळ्यात. म्हणजे घड्याळ रोज आजींकडे येत होतं. आणि सटवाच्या पालावरून इथं रोज येतं ते दूध, जे आजी पीतच नाहीत. चोरी झालीच नाही. आजींनीच ते मनकर्णाकडे लपवायला दिलं."

सटवा बायकोकडे बघतच राहिला. "मी मार खात व्हतो, न् तू गप?"

"आजीनं शपथ घातलती," मनकर्णा रडू लागली.

"आई, का?"

"तू मला इचारलंस का, बबन? सायब तुझे, सत्कार तुझा. मला दिस कंचा, रात कंची, ते सांगणारं तेवढंच हाय."

मुंजाजींना म्हातारीची दया आली, आणि रागही आला. "आजी, बाहेरचा मार ऐकू येत होता ना?"

"येत व्हता." साखराबाईंनी गळ्यातला दोरा काढला. "घे बबन, किल्ली बी दे सायबाला. पर आधी सटवाचे पाय धर. म्या बी धरते."

बबनराव सटवापुढं आले. मग आपल्या माणसांदेखत वाकले. उठल्यावर त्यांनी दोरा आईच्या गळ्यात परत घातला आणि घड्याळ तिच्या हातात दिलं.

तिनं कळ सरकवली.

"बारा वाजले," ती म्हणाली. "सटवाला जेवाया वाढा."