आईच्या शिरेतला पहारेकरी

दवाखान्यात आईच्या बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव टक्के दाखवत होतं. तरी रंगोबा म्हणाला, "वहिनी, पायाच्या शिरेला ऑक्सिजन कमी पडतोय." रंगोबा तिथलाच रोबो. इचलकरंजीत शिकला, म्हणून बोलतो इथल्यासारखाच.

मी घरी येऊन शेजारपाजारच्या झाडांच्या सात कुंड्या आईच्या पायांभोवती मांडल्या. नागपंचमी आठ दिवसांवर आली होती आणि मला आईशी फुगडी खेळायची होती. तीन वर्षं आम्ही खेळलो नव्हतो. कापडाच्या यंत्रमागावर उभं राहून राहून तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा टरारून फुगल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रंगोबा तपासायला घरी आला. "हेमांगी, बाग लावलीस व्हय?"

"झाडं ऑक्सिजन देतात ना?"

"हवेत तो रग्गड हाय गं. कमी पडतोय शिरेच्या भिंतीत." त्याने छातीवरच्या पडद्यावर शीर दाखवली. तिच्यातल्या झडपा (रक्ताला मागं न येऊ देणारी दारं) सैल झाल्या, की रक्त पायात साचतं, शीर ताणते आणि भिंतीतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. यालाच हायपॉक्सिया (ऑक्सिजनची टंचाई) म्हणतात.

"मग पेशी मरतात?" मी विचारलं.

"लगेच न्हाई. पेशी एक रक्षक प्रथिन सतत बनवते आणि ऑक्सिजन असला, की मोडून टाकते. टंचाईत ते मोडत न्हाई. ते केंद्रकात (पेशीच्या सूचनांच्या जागी) जाऊन बचावाची कामं सुरू करतं. फुगलेल्या शिरांत ते जास्त सापडतं. पण टंचाई सरलीच न्हाई, तर त्याच कामांनी भिंत बिघडत असावी. त्याचा शोध चाललाय."

म्हणजे हे प्रथिन पहारेकरीच, आणि मागावर उभ्या आईसारखा त्याचाही पहारा संपतच नाही. मला आईचीच दया आली.

"त्याला सुट्टी कशी द्यायची?"

"साचलेलं रक्त वर ढकलून. घट्ट मोजे, पाय उंच ठेवणं आणि चालणं. पोटरी हलली, की रक्त वर चढतं. नुसतं उभं ऱ्हाणं वाईट."

"फुगडीत पोटरी हलते?"

"हलते की. पण मोजे घालून, हळू. दोनच फेरे."

पंचमीला आईने माझे हात धरले. दोन फेरे झाले. मला हात सोडवेनात, आणि तिलाही सोडवेनात.

"पुढच्या वर्षी चार," ती म्हणाली आणि जमिनीवर टेकली. पाय उंच ठेवायला मी एक रिकामी कुंडी पालथी घालून दिली.