तेजरामसरांचा हुंकारा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पवनीला या आणि बसस्टँडवर कुणालाही संघपाल वार्ताहराचं घर विचारा. तो तुम्हाला बसवेल, चहा पाजेल. पण पेपर हातात देऊन "जरा वाचून दाखव" म्हणालात, तर उठून आत जाईल.

गेल्या दिवाळीनंतरची, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, दिवसांतली ही गोष्ट.

तेजरामसर जाऊन वर्ष होत आलं होतं. सर म्हणजे आमच्या भागातले जुने पत्रकार. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांवर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि निम्म्या वार्ताहरांना कान धरून लिहायला शिकवलं. त्यांची रीतच न्यारी होती. आमच्याकडे धानाच्या खळ्यावर कथा रंगते, तेव्हा ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचं असतं. त्याला म्हणतात हुंकारा. सर बातमीसुद्धा तशीच ऐकायचे. मागच्या खोलीत बाजेवर डोळे मिटून पडायचे आणि समोरच्यानं वाचायचं.

वाक्य खरं वाटलं की "हूं".

नाही वाटलं, की गप्प.

सर गप्प राहिले की वाक्य खोडायचं. वाद घालायचा नाही.

एकदा संघपालनं वाचलं, "सदर इसमाचा नदीत बुडून मृत्यू झाला." सर गप्प. त्यानं चरफडत वाक्य खोडलं. दुसऱ्या दिवशी तो इसम सासुरवाडीची कोंबडी हादडून ढेकर देत घरी आला! तेव्हापासून संघपालचा त्या हुंकाऱ्यावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास.

स्मृतिदिनाच्या अंकासाठी सरांवर लेख लिहायचं काम साहजिकच त्याच्याकडे आलं. छापायच्या आधी निर्मलाकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, वाचून दाखवावं म्हणून तो दुपारी त्यांच्या घरी गेला. काकू एकट्याच राहत. मुलगी दामिनी नागपूरला नोकरीत. सगळी गल्ली मंडईला गेली होती. लांबून दंडारीच्या नाचगाण्याचा ढोलक तेवढा ऐकू येत होता.

"ये बाबू. किती वाळून राहिला रे! जेवला का नाही?"

"जेवलो काकू. तुम्ही आधी हे आयका."

काकू सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वर्षभरात तिथं कुणी बसलं नव्हतं.

संघपालनं वाचायला घेतलं. "तेजरामजींचा जन्म एकोडीच्या शेतकरी कुटुंबात झाला."

"हूं..."

तो वाचत गेला. "शाळा सुटली, पण वाचन सुटलं नाही."

"हूं..."

आणि मग त्याच्या लक्षात आलं.

काकूंचे ओठ हललेच नव्हते...

"काकू, तुम्ही हूं म्हणाल्या?"

"मी कायले हूं म्हणू? ते तुमच्या सरायचं काम होतं."

त्यानं पुढचं वाक्य वाचलं. दाराआड बाज करकरली...

"हूं..."

खरं सांगायचं तर त्याला आधी भीती वाटलीच नाही. त्याला रडूच आलं. सर ऐकत होते! वर्षभर ज्या आवाजावाचून त्याचं एक वाक्य धड उतरत नव्हतं, तो आवाज परत आला होता. तो भराभरा वाचत सुटला आणि शेवटच्या ओळीवर आला.

"त्यांच्या मागे पत्नी निर्मलाबाई आणि मुलगी दामिनी असा परिवार आहे."

...

काहीच नाही.

लांबचा ढोलकही थांबला होता.

त्यानं पुन्हा वाचलं. गप्प.

त्यानं वाक्य तोडून पाहिलं. "त्यांच्या मागे मुलगी दामिनी आहे."

"हूं..."

"त्यांच्या मागे पत्नी निर्मलाबाई आहेत."

...

गप्प.

"एकच कितीदा वाचून राहिला?" काकू हसल्या. "आहो ना मी! तुह्या समोर बसून आहो."

"तब्येत बरी हाय ना काकू?"

"मले काय धाड भरली?"

संघपालचा हात आपोआप पेनाकडे गेला. सर गप्प, की खोडायचं. त्यानं काकूंचं नाव खोडलं आणि उरलेलं वाचलं. "त्यांच्या मागे मुलगी दामिनी असा परिवार आहे."

आतून हुंकारा आला. लांबलचक... समाधानाचा...

काकूंचा हात सुपातच थांबला. "अन् माह्यं नाव? काहून काढलं रे?"

"जागा कमी हाय काकू."

"एवढ्या वर्सायची बायको मी त्यायची. एका नावाले जागा नाही?" त्यांचे डोळे भरले. मग त्यांनीच पदरानं पुसले. "असू दे. बस, चाय मांडतो."

संघपालनं चहा घेतला, लेख पाठवला आणि घरी गेला.

लेख छापून आला त्या सकाळी तो अंक घेऊन माफी मागायला गेला. दार उघडं होतं. सूप ओट्यावर होतं, तांदूळ अर्धे निवडलेले. काकू मागच्या खोलीत होत्या.

सरांच्या बाजेवर. डोळे मिटून...

अंग थंड पडलं होतं.

तेरवीला दामिनीनं अंक पुढं केला. "दादा, आई तेव्हा जिती होती. तिचं नाव तुम्ही आधीच कसं काढलं?"

संघपालनं अंक घडी करून बाजूला ठेवला. वाक्य दुरुस्त करायचं त्याला सुचलं. माणसाला दवाखान्यात न्यायचं सुचलं नाही. आणि सर तरी नुसतं खरं तेच सांगत होते, की आतून काकूंना बोलावून राहिले होते? हा विचार त्याला अजून झोपू देत नाही.

आता सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. प्रस्तावना संघपालची. खाली त्याची ओळख छापायची आहे, म्हणून दामिनीनं मजकूर पाठवला. परवा तो कागद टेबलावर पडला होता. त्याच्या बायकोनं, रत्नमालानं, कौतुकानं उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागली. "संघपाल हे पवनी येथे..."

त्यानं झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला.

ती आजही रुसून आहे. वाक्य अर्धंच राहिलं. पुढं हुंकारा आला असता की नाही, ते संघपालला माहीत नाही.

घरात कुणालाच तो ते वाक्य पुरं करू देत नाही.