गुण जाईल म्हणून

सून सासऱ्याला विष घालते, अशी तक्रार घेऊन निम्मं सुकापूर गाव सकाळीच पोलीस ठाण्यात येऊन धडकलं, तेव्हा फौजदार कमळाकरांना खुर्चीतून उठताही येईना. चिकुनगुन्यानं त्यांचे गुडघे धरले होते. दोन हजार सहा सालचा तो हंगामच तसा होता. पनवेलमध्ये धड चालणारा माणूस शोधावा लागत होता.

त्यांनी दुखण्याची गोळी तोंडात टाकली. बाटलीत पाणी नव्हतं. गोळी जिभेवरच विरघळली आणि तोंड कडूजहर झालं. आज दिवस असाच जाणार, हे त्यांना तिथेच कळलं.

तक्रार दिली दिनानाथनं. इस्पितळात पडलेल्या सासऱ्याचा, तुळशीराम मढवींचा हा मेहुणा. गावात झाडपाल्याचं औषध फुकट देणारा माणूस म्हणून त्याला मान होता.

"भाऊजींचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, सायेब. शुद्ध नाय. सुनेला खांदा कॉलनीत फ्लॅट पायजे, भाऊजी जमीन विकायला नाय बोलले. त्यांच्या चिकुनगुन्याच्या गोल्या-औषध तीच बघते. माझी बहीन हौसापन देवलासमोर हेच बोलली. अजून काय सांगू?"

सांगण्यासारखं त्यानं सगळंच सांगितलं होतं. आता सुनेला, दिपिकाला अटक करा, एवढंच गावाचं म्हणणं होतं. तिला लहान मूल होतं, नवरा उरणच्या बंदरात कामाला. एकदा का ही बाई ठाण्याची पायरी चढली, की पुढे निर्दोष सुटली तरी गाव तिला जगू देणार नाही, हे कमळाकरांनी इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांना त्याचाच कंटाळा आला होता.

ते आधी इस्पितळात गेले.

डॉक्टर रिया तरुण होत्या आणि रात्रभर जागलेल्या दिसत होत्या. "यकृत निकामी होत चाललंय. साध्या काविळीच्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. दारू घेत नव्हते म्हणतात."

"विष?"

"असू शकतं. पॅरासिटामॉल, म्हणजे ताप-दुखण्यावरची साधी गोळी, रोज प्रमाणाबाहेर पोटात गेली तरी असंच होतं. चिकुनगुन्यासाठी त्यांना तीच लिहून दिली होती. पण सून सांगते तेवढ्याच दिल्या असतील, तर त्यानं काही व्हायला नको. त्यांच्या पोटात नक्की काय गेलं ते मला कळायला हवं, साहेब. अंदाजानं किती दिवस लढू?"

दिपिका बाकावर बसली होती. रडून झालं होतं.

"गोळ्या कोण द्यायचं?"

"मीच. डॉक्टरांनी लिहिल्या तशाच. सकाळची गोळी नाश्ता झाल्यावर. उपाशीपोटी कधीच नाही."

तिनं पिशवीतून पाकीट काढून दिलं. जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच गोळ्या उरल्या होत्या.

"सासऱ्यांशी भांडण?"

"होतं ना. घराघरात असतं." ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "म्हणून काय मारायचं माणसाला?"

पलीकडे सासू हौसा तोंडाला पदर लावून बसली होती. कमळाकर तिच्याशेजारी टेकले. गुडघा कटकन वाजला.

"मावशी, दुखणं कसं होतं काकांचं?"

"पहाटे हातपाय धरून यायचे, सायेब. कुशीवर वलता येत नव्हतं. पन न्याहारीच्या टायमापर्यंत आपले आपन उठून बसायचे. चांगले बोलायचे."

"न्याहारीच्या आधी काय घ्यायचे?"

हौसानं पदर घट्ट धरला. "काय नाय."

"काहीच नाही?"

"नाय बोलले ना सायेब!"

कमळाकर तिथून उठले ते थेट तिच्या भावाच्या, दिनानाथच्या घरी गेले. ओटीवर माणसं बसली होती, सगळी गुडघे चोळणारी. परसात चुलीची राख काढून टाकली होती आणि त्या राखेत चंदेरी पत्र्याचे बारीक तुकडे चमकत होते. कमळाकरांनी चपलेनं राख जराशी उकरली आणि पुन्हा सारखी केली.

"तुमचेपन गुडघे धरलेत ना सायेब?" दिनानाथनं पुडी पुढे केली. "निरंशा पोटी, काय खायच्या आधी घ्या. कोनाला सांगू नका, डॉक्टरलापन नाय. औषधाचं नाव घेतलं का गुन जातो."

"काय असतं यात?"

"झाडपाला."

गाडीत बसल्यावर कमळाकरांनी पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली. आधी सुंठ, मग हळद. आणि मग तोंड कडूजहर झालं.

तासाभरात दिनानाथ इस्पितळात, सगळ्यांच्या समोर उभा होता.

"पाला चुलीत जळतो," कमळाकर म्हणाले. "गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा जळत नाही. तुझ्या राखेत तो भरपूर सापडला. या पुडीत पॅरासिटामॉल आहे, कुटून घातलेलं. सकाळी तीच गोळी माझ्या जिभेवर विरघळली होती, तिची चव मी विसरणार नाही."

"काय पन बोलताव सायेब!"

"तुळशीरामकाका न्याहारीआधीच उठून बसायचे आणि सून गोळी द्यायची न्याहारीनंतर. मग त्याआधी ठणका कशानं थांबत होता? मावशी, तुम्ही सांगा."

हौसा उभी राहिली. तिनं भावाकडे पाहिलं, मग अतिदक्षता विभागाच्या बंद दाराकडे.

"बोलले का गुन जाईल ना सायेब... ते मरतील."

"न बोलल्यानंच मरतायत."

"सकाल-सांज पुडी देत होते मी," ती कशीबशी म्हणाली. "दुखलं का मधी अजून एक."

डॉक्टर रियांनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे सुनेच्या गोळ्या आणि वर या पुड्या. एकच औषध, दोन हातांनी. आणि कुणी कुणाला सांगत नाही." त्या आत पळाल्या. "उशीर झालाय, पण यावर उतारा आहे. सुरू करते!"

दिनानाथ भिंतीला टेकून खाली बसला. बापाकडून आलेला पाला या तापावर चालेना, ओटी रिकामी पडायला लागली, म्हणून त्यानं गोळ्या कुटल्या. भाऊजींचे डोळे पिवळे झाले तेव्हा त्याला कळलं होतं. आपल्याकडे कुणी बोट दाखवायच्या आत त्यानं ते भाचेसुनेकडे दाखवलं.

"सायेब, लोकांना बरं वाटत होतं," तो पुटपुटला.

कमळाकरांना त्याचा रागही धड आला नाही. त्यांनी शिपायाला त्याला न्यायला सांगितलं आणि दुसऱ्याला सुकापुरात घरोघर जाऊन पुड्या गोळा करायला पाठवलं. लोक कबूल होणार नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं.

हौसा सुनेसमोर जाऊन उभी राहिली. "दिपिका, चुकले गो मी. सायेब, आमची तक्रार फाडून टाका. आमी घरात मिटवतो."

दिपिका उठली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"आई, आरोप घरात नाय केलात. देवळासमोर उभं राहून बोललात, सून विष घालते म्हणून. आप्पा बरे झाले की तिथंच उभं राहायचं, तेवढ्याच मोठ्यानं बोलायचं. तोवर माझ्यावरची तक्रार फाडू नका, साहेब, बोललेलं कुणी नाकारायला नको."

कमळाकरांनी मान हलवली. हौसानं विचारलं, "आनि ते नाय बरे झाले तर?"

"तरीपण," दिपिका म्हणाली.